सहावा होल, टपालाने

१० मार्च

धाकट्या,

रजा मंजूर झाली. साहेबाने अर्ज वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला गोल्फ कशाला लागतो?" मी म्हटलं, "साहेब, मारणारा कोण आहे हे चेंडूला कुठे माहीत असतं?" हसला आणि सही केली.

तर जूनचा तिसरा आठवडा नक्की. तुझ्या त्या उत्तरेच्या टोकाला तेव्हा अंधार पडता पडत नाही, म्हणजे उजेडाची घाई नको. वारा सकाळी लवकर सर्वांत नरम असतो. हे मी अंदाजपंचे लिहीत नाही. मागच्या काही उन्हाळ्यांचं हवामान वाचनालयात बसून पाहिलंय. आपण सकाळीच सुरुवात करू. तू राखतोस त्या मैदानावर नऊ होल, तू आणि मी, पायी. ती बॅटरीवरची गाडी नको. न चालताच वर जायचं असतं तर लिफ्ट काय वाईट आहे?

आता नीट उत्तरं दे. 'मस्त आहे', 'भारी आहे' असलं काही नको. सहाव्या होलचा तुझा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. समुद्राची घळ ओलांडून मारायचं हे दिसतं, पण फोटोत उतार कळत नाही. घळीच्या पलीकडे चेंडू टेकला तर थांबतो की मागे येतो? वाळूचा खड्डा झेंड्याच्या कुठल्या अंगाला? झेंड्याभोवतीचं ते बारीक कापलेलं ग्रीन कुणीकडे कललंय?

काठ्या तयार आहेत. भंगारातून आणल्या होत्या हे आता सांगूनही कुणाला पटणार नाही. माझ्या उंचीला बेतून कापल्या, मुठींना चामडं गुंडाळलं, पाच नंबरच्या डोक्यामागे शिसं बसवलं. शहराबाहेरच्या सपाट मैदानावर मारून मारून हात बसलाय. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं वाईट वळणही नाही.

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर मला तुझा नुसता गुरगुराट ऐकू येतो. लिफ्टच्या मोटारींनी कान खाल्ले ते खाल्ले. बाकी तब्येत ठणठणीत.

दादा

१९ मार्च

दादा,

पत्र वाचून मी गवत कापायचं यंत्र तिथेच सोडून घरात नाचलो. शेवटी येतोयस! दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी' ऐकून कंटाळलो होतो.

आता तुझी परीक्षा देतो. सहाव्याचं ग्रीन समुद्राकडे कललंय. त्याच्या अलीकडचा उतार हरामखोर आहे: तिथे टेकलेला चेंडू थांबत नाही, घरंगळत मागे येतो आणि खाली पाण्यात. निदान मी तरी थांबलेला पाहिला नाही. वाळूचा खड्डा झेंड्याच्या डावीकडे, चांगला खोल. उजवीकडे काळा कातळ. यंदा हिवाळ्यातून हे ग्रीन इतकं सुंदर बाहेर आलंय की त्यावर पाय ठेवायला माझं मलाच जिवावर येतं.

पाचव्याहून सहाव्याकडे जाताना मात्र खडा चढ आहे. वर पोचलास की तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि खालच्या कपारीत पांढऱ्या पक्ष्यांची नुसती कचाकचा भांडणं. तू उभा राहशील आणि पहिल्यांदाच तुला काही सुचणार नाही. मला तेच बघायचंय.

वहिनींनाही आण.

धाकटा

२६ मार्च

भाऊजी,

हे पत्र मी पोस्टातच उभी राहून लिहितेय. फोन करणार होते, पण बोलायला लागले की मला रडू येईल.

ह्यांना येऊ देऊ नका. साहेबाने अर्ज वगैरे काही वाचला नाही. साहेब घरी येऊन गेला. फेब्रुवारीत शिडीवर भोवळ आली, बरोबरच्या दोघांनी उचलून खाली आणलं. हृदय थकलंय. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर सांगितलं: चढ नाही, प्रवास नाही, थंड वारा नाही. बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "त्याला गोल्फमधलं काय कळतंय?"

पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत येताना मधल्या खुर्चीवर बसतात आणि मला दाखवतात की बुटाची नाडी बांधतोय. पायात बूट नसतात, भाऊजी.

माझं ऐकत नाहीत. तुम्ही काहीतरी कारण काढा. फक्त माझं नाव येऊ देऊ नका. मी त्यांच्या पाठीमागे लिहिलं हे कळलं तर बोलणार नाहीत माझ्याशी, आणि आता तेवढं बोलणंच उरलंय.

वहिनी

४ एप्रिल

दादा,

एक घोळ झालाय. सहाव्याचं ग्रीन उखडून नव्याने बसवायचं असं समितीने ठरवलंय. काम नेमकं जूनमध्ये. शिवाय त्या आठवड्यात सभासदांच्या स्पर्धा आहेत, मैदान मोकळं मिळणार नाही. मलाच वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी निवांत ये ना. मैदान काय पळून जातंय?

धाकटा

१२ एप्रिल

धाकट्या,

जूनमध्ये ग्रीन कोण उखडतं? नवं गवत उन्हात जळून जाईल. हे काम उन्हाळा सरल्यावर करतात. मी पुस्तकात वाचलंय आणि तू ते हाताने करतोस, तेव्हा तुला माझ्याहून जास्त माहीत असायला हवं. शिवाय मागच्याच पत्रात ते ग्रीन 'इतकं सुंदर' होतं की तुझा पाय उचलत नव्हता. आता उखडतोस?

स्पर्धांचं वेळापत्रक तुमच्या क्लबाने छापून वाटलंय, वाचनालयात मिळालं. त्या आठवड्यात काही नाही.

म्हणजे खोटंच बोलायचं तर जरा अभ्यास करून बोल. खरं कारण मला कळलं. तुझ्या त्या सभासदांसमोर भंगारातल्या काठ्या घेऊन एक बुटका मेकॅनिक उभा राहणार, आणि तू म्हणणार 'हा माझा सख्खा भाऊ.' नाही जमत ना तोंडातून? लहानपणी बापाच्या दुकानामागे फुंकणीने लाकडी गोटी मारायला कुणी शिकवलं तुला? जाऊ दे.

मी येत नाही. मैदान तुला लखलाभ.

दादा

९ मे

भाऊजी,

तुमच्या दोन पत्रांना ह्यांनी उत्तर दिलं नाही हे मला माहीत आहे. ती फोडलेलीसुद्धा नाहीत. टेबलावर पडली आहेत, त्यावर पाण्याचा पेला ठेवतात.

कपाटाच्या दारावरचा फोटो काढून टाकलाय. डिंकाचे चार डाग तेवढे आहेत. दिवसभर खिडकीशी बसतात. समोरच्या इमारतीची लिफ्ट अडकली तर पूर्वी इथून ओरडून सांगायचे कुठली कळ दाबायची ते. परवा अर्धा तास लोक आत अडकले होते. हे बघत बसले.

परवा म्हणाले, "धाकट्याला माझी लाज वाटते, हे तुला माहीत होतं का गं?" मी भांडी घासत होते, घासलेलंच पातेलं परत घासायला घेतलं.

माझी चूक झाली. जीव राखायला गेले आणि जगायची इच्छाच काढून घेतली. खरं लिहा त्यांना. माझं नाव घेऊन लिहा. मला काय बोलायचं ते बोलू देत. पाकीट मी स्वतः फोडून हातात देईन.

वहिनी

१५ मे

दादा,

ग्रीन कुणी उखडत नाहीये. वहिनींनी मला शिडीचं आणि डॉक्टरांचं सगळं लिहिलं होतं. मी घाबरलो आणि खोटं लिहिलं. तेही धड जमलं नाही.

लाज वाटते म्हणालास. इथल्या म्हाताऱ्या चिटणिसाला जाऊन विचार. माझ्या भावाने शिसं कसं बसवलं हे इतक्यांदा सांगितलंय की मी तोंड उघडलं की तो छत्री घेऊन निघतो.

तू चढावर बसलास आणि उठलाच नाहीस तर मी काय करू? तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं. तुला न विचारता मी ठरवून टाकलं की तुला जमणार नाही. ते मात्र मी करायला नको होतं. तू ये म्हणशील तर ये. मी तुला पाठीवर घेऊन चढ चढेन.

धाकटा

२४ मे

धाकट्या,

पाठीवर वगैरे काही नको. मी काय गव्हाचं पोतं आहे?

तुझ्या वहिनीशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागलं, कारण चष्मा सापडेना.

मला चढ जमणार नाही हे मला तुम्हा दोघांच्या आधीपासून माहीत होतं. छाती माझी आहे. तरी यायचं होतं. ते सोड.

आता ऐक. माझी पिशवी पार्सलने निघाली आहे, सगळ्या काठ्यांसकट. त्या तुला आखूड पडतील, वाक. खेळणार मी, हात तुझे. कुठली काठी, कुठे नेम, किती जोर हे मी लिहीन. तू तसंच मारायचंस आणि चेंडू कुठे थांबला ते लिहायचंस. मग मी पुढचा फटका कळवीन. चेंडूच्या जागी खुंटी ठोकून ठेव.

सुरुवात सहाव्यापासून. क्रमाने खेळायला वेळ आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही.

अट एकच. जे घडेल ते लिहायचं. आजारी माणसाला देतात तसली खिमट नको. चुकलो तर चुकलो म्हणून लिही. नाहीतर पिशवी परत पाठव.

पहिला फटका: पाच नंबर. नेम कातळाच्या डाव्या कडेवर. पूर्ण जोर, पण घाई नाही.

दादा

८ जून

दादा,

पिशवी मिळाली. चामड्याला तुझ्या हाताचा वास आहे.

आज सकाळी मारला. तू म्हणालास तसा, कातळाच्या डाव्या कडेवर. वारा समोरून होता, गवत ओलं. चेंडू घळीवरून अलगद गेला, ग्रीनच्या अलीकडच्या उतारावर टेकला आणि घरंगळत वर जाऊन ग्रीनच्या काठाला थांबला. झेंडा दहा-बारा पावलांवर. काय फटका होता!

खुंटी ठोकलीय. पुढचं कळव.

धाकटा

१५ जून

धाकट्या,

ओल्या गवतावर, समोरून वारा असताना, चेंडू चढावर वरच्या बाजूला घरंगळला? तिथे काय पृथ्वी उलटी फिरते? तूच लिहिलं होतंस की त्या उतारावर चेंडू थांबलेला तू कधी पाहिला नाहीस.

तुझी वहिनी म्हणते, जाऊ दे ना, त्याने प्रेमाने लिहिलं. प्रेम मला कळतं. पण माझ्याशी खरं बोलणारं माणूस आता कुणी राहिलेलं नाही. डॉक्टर हसतो. साहेब म्हणतो, लवकर कामावर या. शेजारी म्हणतात, चेहरा छान दिसतोय. निदान एका चेंडूने तरी खरं बोलावं म्हणून हा सगळा खटाटोप.

चेंडू कुठे आहे?

दादा

२० जून

दादा,

समुद्रात.

उतारावर टेकला, क्षणभर थांबतोय असं वाटलं, मग मागे फिरला. मी काठावर धावत गेलो. दगडावर एकदा आपटला आणि गेला. वारा मी सांगितला त्याहून जोराचा होता. पाच नंबर पुरत नव्हती. मारायच्या आधीच मला ते माहीत होतं, तरी तू म्हणालास म्हणून मारली.

खुंटी कुठेही ठोकलेली नाही. तेही खोटं होतं.

धाकटा

२७ जून

धाकट्या,

आता कसं. हे पत्र वाचून भूक लागली, दोन घास जास्त जेवलो. विचार वहिनीला.

चूक माझी. वाचनालयातल्या वाऱ्यावर विसंबलो. दंडाचा एक फटका धर, आणि परत तिथूनच, जिथून पहिला मारला. म्हणजे हा तिसरा. सोडून देऊन पुढच्या होलकडे जायचं नाही.

चार नंबर, ती पाचपेक्षा लांब नेते. नेम झेंड्याच्या किंचित डावीकडे. कातळाकडे बघूच नकोस. अर्धवट मारू नकोस. मागचा समुद्रात गेला म्हणून हात आखडतो, माहितीय मला.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. बसून लिहवत नाही.

दादा

३ जुलै

भाऊजी,

ह्यांना परवा पहाटे दवाखान्यात आणलं. पाय सुजले होते, श्वास पुरेना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की कुणाला भेटायला बोलवायचं असेल तर बोलवा. काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

शुद्धीत आहेत. दिवसातून दोनदा विचारतात, पत्र आलं का. म्हटलं फोन लावू का, तर मान हलवतात. नाही. पत्रच.

तुमच्या पाया पडते. मारला असेल तसा असो, एकदाच लिहा की चेंडू होलमध्ये पडला. एका फटक्यात, सरळ आत. असं होतं ना कधीकधी? ह्यांना आता तपासून बघायचं बळ नाही. आनंदात जाऊ दे त्यांना. मला गोल्फ कळत नाही, पण एवढं कळतं की आत गेला की खेळ संपतो आणि माणूस जिंकतो.

वहिनी

८ जुलै

दादा,

आज सकाळी मारला. चार नंबर, झेंड्याच्या किंचित डावीकडे. वारा समोरूनच, पण पोटातून पाठीत जाईल असा नाही, बेताचा.

घळ ओलांडली. उतारही ओलांडला. मला वाटलं, झालं. पण जरा जास्तच डावीकडे गेला. ती चूक माझी. शेवटच्या क्षणी मी डोकं वर केलं, कुठे जातोय ते बघायला. चेंडू डावीकडच्या वाळूच्या खड्ड्यात पडला. समोरची भिंत माझ्या छातीएवढी आहे. तिथून झेंडा दिसत नाही, नुसतं त्याचं टोक हलताना दिसतं.

मी काही हलवलं नाही. खुंटी खरंच ठोकलीय. चिटणीस विचारायला आला, हे काय? म्हटलं, दादा खेळतोय, मध्ये येऊ नका. सकाळपासून सगळे तो खड्डा टाळून जातायत. वाळू मी सारखीसुद्धा केलेली नाही.

वहिनी, तुम्हीच हे वाचून दाखवत असाल. तुम्ही सांगितलेलं लिहायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. रागावू नका. मी तिकीट काढलंय, बदलीवर माणूस मिळाला की निघतो.

तीन फटके झाले, दादा. चौथा तुझा.

धाकटा

१३ जुलै

भाऊजी,

तुमच्यावर इतकी रागावले होते की पत्र वाचून दाखवायचंच नाही असं ठरवलं होतं. पर्समध्ये तसंच ठेवलं. पण ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

कानाशी ओरडून वाचावं लागलं, त्यामुळे सगळ्या खोलीने ऐकलं. वाळूत पडला म्हटल्यावर शेजारच्या खाटेवरचे निवृत्त गार्ड "अरेरे" म्हणाले. माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी मी गाळणार होते, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे कुठे गाळायचं ते दिसेना. सगळंच वाचून झालं. मग ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, बघा, मारलंत शेवटी ह्यांना खरं सांगून.

मग डोळे तसेच मिटलेले ठेवून म्हणाले, "रुतलाय की नुसता बसलाय?"

मला काही कळेना. म्हणाले, "चेंडू. वाळूत अर्धा आत गेलाय, का वर आहे?" मी पत्र परत पाहिलं. म्हटलं, हे काही लिहिलेलं नाही. तर चिडलेच. "एवढं महत्त्वाचं लिहायचं राहिलं? गाढव आहे." गार्ड म्हणाले, रुतला असेल तर मागे मारून बाहेर काढावा. हे म्हणाले, "तुम्ही गप्प बसा हो, तुम्ही रेल्वेत होता." नर्स धावत आली, म्हणाली, यांना बोलू देऊ नका.

तिला हाताने बाजूला केलं आणि मला म्हणाले, लिही त्याला. तोपर्यंत चौथा ठरवता येत नाही.

जेवले नाहीत. झोपेचं औषध घ्यायलाही तयार नाहीत, म्हणतात डोकं जड होतं, विचार करता येत नाही. बोटाने चादरीवर भिंत काढतात, तिची उंची धरून बघतात, पुसतात, परत काढतात. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघू.

तुम्ही निघणारच असाल तर निघायच्या आधी त्या खड्ड्यात उतरून नीट बघा. आणि येताना वाटेत कुठून तरी तार करा, फोन करा, काहीही करा, पण मला आधी कळवा.

रुतलाय की नुसता बसलाय?

वहिनी